पांढऱ्या थराची भीती

माझे माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात. काळी जमीन, उसाचे फड आणि विहिरीचे जड पाणी. आमच्या घरी तुरीची डाळ चुलीवर चढली की शिजायला दुपार व्हायची. आई डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाकायची, तरी एखादा दाणा दाताखाली यायचाच. धुणे धुताना साबणाची वडी झिजून जाई, पण फेस म्हणून येत नसे. वडिलांच्या धोतरावर एक करडा, मेणचट थर बसे आणि तो कशानेही निघत नसे. शाळेत गुरुजींनी अशा पाण्याला 'दुष्फेन पाणी' म्हणतात असे सांगितले. घरी येऊन मी आईला तो शब्द सांगितला. ती म्हणाली, "नाव काय बी ठेव, डाळ शिजंल का त्यानं?"

१९८४ साली लग्न होऊन मी कोल्हापुरात, राजारामपुरीत आले. पहिल्या दिवशी न्हाणीघरात गेले ती बाहेरच येईना. अंगाला साबण लावला, पाणी घेतले, तरी अंग बुळबुळीत लागे. साबण निघालाच नाही असे वाटून मी आणखी पाणी ओतत राहिले. बंब रिकामा झाला. शेवटी सासूबाईंनी दार वाजवले आणि विचारले, "सूनबाई, पंचगंगा संपवतीस का काय?" मला काय ठाऊक, की गोड्या पाण्यात अंग तसेच गुळगुळीत लागते! साबण केव्हाच गेलेला होता.

सासूबाईंना कोल्हापूरच्या पाण्याचा मोठा अभिमान. राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतले, त्या भोगावतीचे पाणी आपण पितो, हे त्या पाहुण्यांना न चुकता सांगायच्या. पाणी खरोखरच चांगले. सह्याद्रीवर पडलेला पाऊस धरणात साठतो आणि नदीने खाली येतो. जमिनीच्या पोटात शिरून दगडातले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार उचलायला त्याला वेळच मिळत नाही. माझ्या माहेरी उलटे. तिथे वर्षानुवर्षे उसाला पाणी पाजले, निचरा झाला नाही आणि क्षार वर येत राहिले. जमिनी पांढऱ्या पडल्या, विहिरी मचूळ झाल्या. आता त्या भागात जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करण्याची कामे झाली आहेत आणि पांढरे पडलेले काही फड पुन्हा हिरवे झाले आहेत. पण विहिरींचे पाणी इतक्या लवकर थोडेच बदलते?

माहेरी जाताना मी दरवेळी एक कॅन नळाचे पाणी घेऊन जाई. आईला त्या पाण्यात पुरणाची डाळ शिजवायची असे. एसटीतले लोक हसायचे. कृष्णेकाठी पाणी घेऊन निघाली म्हणायचे.

२००६ साली आमचे जुने कौलारू घर पाडून तिथे आठ बिऱ्हाडांची इमारत झाली. अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी आली आणि कोपऱ्यात बोअर मारले. उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी पडले की बोअरचे पाणी त्याच टाकीत सोडायचे, अशी पद्धत पडली. तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात माहेरचा पाहुणा आला. चहाच्या पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ, नळाच्या तोटीला खडबडीत कवच, स्टीलच्या पेल्यावर ठिपके. गीझर बिघडला म्हणून मिस्त्रीला बोलावले, तर त्याने आतली कॉईल काढून दाखवली. तिच्यावर बोटभर जाडीचा चुना चढला होता. तो म्हणाला, "वहिनी, हेच तुमच्या पोटात पण साठतंय बघा."

तो शब्द माझ्या मनात रुतून बसला. माझ्या थोरल्या चुलत्यांना मुतखडा झाला होता आणि सगळे गाव त्याला विहिरीचे पाणीच कारण सांगे. गीझरच्या कॉईलवरचा चुना आणि काकांचा खडा मी मनातल्या मनात एकत्र करून टाकले.

२०१९ च्या फेब्रुवारीत एक नीटनेटका तरुण पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दाखवायला आला. त्याने दोन पेले मागितले. एकात आमच्या टाकीचे पाणी घेतले, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतले. मग एक डबी काढली. तिला खाली धातूच्या कांड्या होत्या. त्या दोन्ही पेल्यांत बुडवून त्याने डबीची वायर बोर्डात खुपसली. बघता बघता आमच्या पेल्यातले पाणी पिवळे पडले, मग हिरवट झाले आणि वर काळपट साय आली. त्याच्या पेल्यातले पाणी होते तसेच राहिले. सूनबाई तोंडावर हात ठेवून उभी होती. तो म्हणाला, "आई, हे तुमचा नातू रोज पितोय."

आमचे हे जुन्या वळणाचे. ते म्हणाले, "चाळीस वर्षे पितोय आपण, काय झालं?" मी म्हटले, "चाळीस वर्षे बोअर नव्हतं." त्यांनी आधी पाणी तपासून घेऊ असे सुचवले. मी ऐकले नाही. भिशीचे वीस हजार माझ्यापाशी होते. त्यातले साडेसतरा हजार मोजून दिले आणि ते यंत्र भिंतीवर टांगले.

आता पुढचे सांगताना मला बरे वाटत नाही, पण सांगितले पाहिजे. ते भिशीचे पैसे नुसते पडून नव्हते. इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीला भेग पडली होती, झाकण तुटले होते आणि गटाराचा चेंबर तिथून चार फुटांवर होता. प्रत्येक बिऱ्हाडाने सहा हजार काढून टाकी दुरुस्त करायची असे ठरत होते. मार्चमध्ये बैठक झाली. तोवर आणखी तिघांनी तसलीच यंत्रे घेतली होती. त्या बैठकीत मीच म्हणाले, "आता टाकीचं पाणी पितंय कोण? दिवाळीनंतर बघू." सगळ्यांना ते सोयीचे वाटले. बैठक चहा पिऊन उठली.

ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांवर गेले. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, नदीकाठची उपसा केंद्रे पाण्यात बुडाली आणि चारी बाजूंनी पाणी असलेल्या शहराच्या नळाला पाणी नाही, अशी गत झाली. आमच्या गल्लीत पुराचे पाणी आले नाही, पण पावसाने गटारे तुंबली आणि अंगणात घोट्याएवढे पाणी साचले. टँकर आला की त्याचे पाणी टाकीत, बोअरचे पाणीही टाकीत. पूर ओसरल्यावर टाकीच्या पाण्याला किंचित वास येत होता. पण आमच्याकडे यंत्र होते ना!

सप्टेंबरच्या मध्यावर नातवाने जेवण सोडले. सात वर्षांचे पोर, दुसरीत होते. दोन दिवस उलट्या झाल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे हळदीसारखे दिसायला लागले. खालच्या मजल्यावरची आणखी दोन मुले त्याच आठवड्यात पडली. रक्त तपासल्यावर कळले की दूषित पाण्यातून आणि अन्नातून होणारी कावीळ आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसे दगावली होती. ती आठवण आमच्या भागात कोण विसरेल? माझ्या हातापायांतले बळ गेले.

डॉक्टरांनी विचारले, "पाणी कुठले पिता?" मी यंत्राचे नाव सांगितले, थोड्या अभिमानानेच. ते म्हणाले, "बरं. आणि बाळ दात कुठे घासतो? चूळ कशाची भरतो?"

बेसिनच्या नळाची. अंघोळ करताना तोंडात पाणी घेऊन कारंजे उडवायची त्याला सवय. भाजी, फळे आम्ही त्याच पाण्याने धूत होतो. यंत्राला एकच तोटी आणि घरात नळ सात.

चार रात्री मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसले. सलाईनचा थेंब पडताना बघत होते आणि बैठकीतले माझे वाक्य कानात घुमत होते. सूनबाई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. पोर बरे झाले, पण महिनाभर शाळा बुडाली आणि बरेच दिवस ते पायऱ्या चढताना मध्येच बसायचे. खालच्या मजल्यावरची मुलेही सावरली.

मग ह्यांनी सहा महिन्यांपूर्वी सांगितलेले काम केले. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटल्या आणल्या, नळ, बोअर आणि टाकी असे तीन ठिकाणचे पाणी भरले आणि लगेच नेऊन दिले. जंतूंच्या तपासणीचे पाणी तासन् तास ठेवून चालत नाही. उत्तर आले ते असे. नळाच्या पाण्याची कठिणता लिटरला ४८ मिलिग्रॅम, बोअरची २२० आणि टाकीतल्या मिसळीची ११६. भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंत पाणी उत्तम आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे ज्या पांढऱ्या थराला मी भ्याले होते, ते पाणी मध्यम जड होते आणि पिण्याला त्याची काहीच अडचण नव्हती. खाली जंतूंच्या रकान्यात मात्र टाकीच्या पाण्यापुढे शेरा होता, पिण्यास अयोग्य.

थराचे म्हणाल, तर तो चुनाच. पाणी उकळले की त्यातला विरघळलेला चुना वेगळा होऊन भांड्याला बसतो. भांड्याला बसला तेवढा पाण्यातून कमी झाला! पोटात तसा थर साठत नाही. मुतखड्याबद्दल मी डॉक्टरांना विचारलेच. ते म्हणाले, पाण्यातला चुना हे खड्याचे कारण म्हणून सिद्ध झालेले नाही. पाणी कमी पिणे हे मात्र मोठे कारण आहे. मला काका आठवले. उन्हाळ्यात सकाळी सहाला उसात शिरायचे आणि एका तांब्यावर दुपार काढायचे.

आता त्या पिवळ्या पेल्याची गोष्ट. माझा भाचा तेव्हा शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होता. तो डब्याला आमच्याकडे येई. त्याला मी तो प्रयोग सांगितला, तर तो हसायलाच लागला. "आत्या, यंत्राचं पाणी द्या एक पेला, आणि मीठ." त्याने शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवले, दोन खिळे सोडले आणि ते बॅटरीला जोडले. थोड्या वेळात तेही पाणी हिरवट-पिवळे होऊन खाली गाळ बसला. त्याने उलगडून सांगितले. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. पेल्यातली घाण पाण्याची नव्हती, कांडीची होती. पेनासारखे एक मापक घेऊन येतात, आकडा दाखवतात आणि घाबरवतात, त्याचेही तसेच. तो आकडा एकूण विरघळलेल्या क्षारांचा असतो. त्यात जंतू कळत नाहीत. आमच्या टाकीचा आकडा दोनशेच्या घरात होता. मानक सांगते, ५०० पर्यंत उत्तम. त्याच २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने ५०० च्या आतल्या पाण्याला अशी क्षार काढणारी यंत्रे लावण्यास बंदी करावी, असे निर्देश सरकारला दिले होते, कारण ती पाणी फार वाया घालवतात. आमचे यंत्र एक कळशी पाणी द्यायला दोन-तीन कळश्या मोरीत सोडत होते, हे मी डोळ्यांनी बघत होते. पण शुद्धीकरण म्हटले की एवढे जायचेच, अशी मनाची समजूत घातली होती.

तर वाचकहो, आम्ही पुढे काय केले? सर्वांत आधी टाकी. या वेळी बैठकीत कोणी दिवाळीचे नाव काढले नाही. चेंबर लांब हलवला, टाकीला आतून गिलावा केला, लोखंडी झाकण उंच कट्ट्यावर बसवले आणि वर्षातून दोनदा टाकी घासायची असे ठरले. बोअरची जोडणी तोडून तिचे पाणी वेगळ्या टाकीतून संडासाला आणि अंगण धुवायला दिले. एकाने पाणी मऊ करणारे यंत्र साऱ्या इमारतीला बसवू असे सुचवले. त्यात मिठाच्या मदतीने चुना काढतात आणि त्याच्या जागी पाण्यात सोडियम येते. आमच्या ह्यांना रक्तदाब आहे. म्हणून पिण्याच्या नळाला तसले नको म्हटले, आणि बोअर वेगळे केल्यावर त्याची गरजही उरली नाही.

पिण्यासाठी आता आमच्याकडे साधे गाळणीचे आणि अतिनील किरणांचे यंत्र आहे. त्या दिव्याने जंतू मरतात, पण पाणी आधी स्वच्छ गाळलेले पाहिजे. गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत. वीज गेली, पूर आला किंवा शंका आली, तर पाणी खळखळून उकळते. पावसाळ्यात नातवाला चूळ भरायला बेसिनपाशी उकळलेल्या पाण्याचा तांब्या ठेवलेला असतो. गीझरची कॉईल आणि पातेली यांच्यासाठी लिंबूसत्व आहे. लिटरभर गरम पाण्यात एक चमचा टाकून अर्धा तास ठेवले की थर सुटतो. मिस्त्री वापरतात ते तीव्र आम्ल घरात आणू नये आणि ब्लिचिंग पावडरीजवळ तर मुळीच नेऊ नये, विषारी वायू सुटतो.

ही सगळी हकीकत मी माहेरी सांगितली, तेव्हा दादा म्हणाला, "आक्का, तुझं ठीक हाय. पर आमच्या हिरीला तुझा न्याय लावू नगंस." त्याचे बरोबर होते. आमच्या विहिरीच्या पाण्याची कठिणता ६४० निघाली आणि क्षार १,९०० च्या घरात. तिथे नुसते उकळून किंवा दिवा लावून भागत नाही. तुरटी फिरवली, निवळीचे बी घासले तरी गढूळपणा बसतो, क्षार तसेच राहतात. तिथे मी नको म्हटलेले यंत्रच उपयोगाचे. दादा प्यायला गावातल्या प्रकल्पावरून वीस लिटरचा जार आणतो. त्या प्रकल्पातून बाहेर पडणारे दुप्पट खारे पाणी मात्र ओढ्यात जाते आणि पुन्हा आमच्याच जमिनीत मुरते, हे मला अजून खटकते. वहिनीने दुसरा मार्ग काढला आहे. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस पत्र्यावरून वाहू द्यायचे, पत्रे धुऊन निघाले की पन्हळीखाली पिंप लावायचे आणि तोंडाला कापड बांधायचे. ते पाणी डाळीला आणि न्हायला. पावसाच्या पाण्याइतके मऊ पाणी कुठल्या यंत्रातून येणार?

वहिनी गावात पाणी तपासणाऱ्या पाच बायकांपैकी एक आहे. जलजीवन योजनेत गावोगावच्या पाच महिलांना हे शिक्षण देतात. २०२२ साली ती आमच्याकडे आली ती तपासणीचा डबा पिशवीत घालूनच. स्वयंपाकघरात बसून तिने आमच्या नळाचे पाणी नळीत घेतले, रंग घातला आणि थेंब सोडायला लागली. "वन्सं, तुमी मोजा." मी मोजत गेले. थोड्याच थेंबांत लालसर रंग निळा झाला. "बगा, काय बी जड न्हाई." मग दुसरी छोटी बाटली काढून तिने तीत टाकीचे पाणी भरले. हे पाणी काळे पडले तर जंतू आहेत समजायचे. त्याला दोन दिवस लागतात. ती बाटली कपाटावर ठेवून ती गावी गेली. दोन दिवस मी उठता बसता त्या बाटलीकडे बघत होते. नातूही शाळेतून आला की स्टुलावर चढून बघायचा. बाटली काळी पडली नाही. मी वहिनीला फोन केला, तर म्हणाली, "पर पावसाळ्यात परत बगायचं हां वन्सं."

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने कोल्हापुरात पाणी आले. गल्लीत पेढे वाटले. सासूबाई असत्या तर दुधगंगेचे पाणी त्यांना भोगावतीच्या तोडीचे वाटले असते की नाही, कोण जाणे. मी मात्र त्या आठवड्यात ठरलेल्या दिवशी टाकी उपसायला लावली. बैठकीत एक जण म्हणाला, "आता धरणाचं पाणी आलं, यंदा टाकी राहू दे." मी काही बोलायच्या आत नातू बॅटरी घेऊन झाकणापाशी गेला होता. अकरा वर्षांचा झाला होता तो. आत उजेड टाकून म्हणाला, "आज्जी, खाली गाळ आहे."

परवा माहेरी गेले, तेव्हा पुन्हा कॅन भरून नेला. आई आता नव्वदीला आली आहे, दात नाहीत. डाळ शिजली की बोटाने दाबून बघते आणि मगच पुरण वाटायला देते.